ओट्यावर लिहिलेलं फ्रेंच

बाई,

तुमच्या गिरगावातल्या स्वयंपाकघरात काळ्या कडाप्प्याचा ओटा होता आणि तुम्ही त्याच्यावर खडूने क्रियापदं लिहायचात. एका टोकाला गॅसवर कॉफीचं पातेलं, दुसऱ्या टोकाला चिरलेली भाजी, आणि मधल्या मोकळ्या जागेत भूतकाळ, भविष्यकाळ, संकेतार्थ. एक रूप पाठ झालं की ओल्या फडक्याने पुसायचं, दगड वाळेपर्यंत कॉफी प्यायची, मग पुढचं. बाहेरच्या खोलीत चांगला फळा होता, पण तिथे बसलं की आपण शाळेत आहोत असं वाटतं, म्हणायचात. रविवारी सकाळी आम्ही दोघीच यायचो. कॉलेजात फ्रेंच घेणाऱ्या बाकीच्या मुली मार्क चांगले पडतात म्हणून आलेल्या. त्यापुढची मोठी परीक्षा द्यायला तुम्ही आम्हा दोघींनाच निवडलं होतंत. एक मी, काळाचौकीची, गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, काम करणाऱ्या माणसाची मुलगी. दुसरी ती, दादरची, डॉक्टरांची मुलगी. तिचं नाव मी इथे लिहीत नाही. तुमच्या तोंडून ते इतक्या वेळा ऐकलंय, की आता माझ्या हाताने लिहावंसं वाटत नाही.

तिचा 'र' घशातून यायचा, जसा यायला हवा तसा, काही न करता. माझा 'र' मालवणाकडून मुंबईला आलेल्या माणसांचा, जिभेच्या टोकावरचा. मी चाळीतल्या मोरीत, नळाचा आवाज चालू असताना, घसा खरवडून त्याचा सराव करायचे. आई दारावर थाप मारून विचारायची, "ओकतंस काय गो?" रविवारी तुमच्यासमोर मी तो 'र' काढला की तुम्ही मान हलवायचात, "बरा आहे, बरा आहे." ती बोलायला लागली की मात्र तुम्ही हातातली सुरी खाली ठेवायचात. मी भाजीकडे बघून ओळखायचे की आज कोणाचं किती ऐकलं गेलं. माझ्या वेळी भेंडी चिरून व्हायची.

त्याच वर्षी गिरण्यांचा संप झाला. परीक्षेच्या तोंडीत एका सामाजिक प्रश्नावर बोलायचं असे आणि मग परीक्षकांच्या प्रश्नांना तोंड द्यायचं असे. म्हणून तुम्ही आम्हाला त्या जातीचे शब्द शिकवायला घेतलेत. ल शोमाज म्हणजे बेकारी, पुल्लिंगी. ला ग्रेव्ह म्हणजे संप, स्त्रीलिंगी. लिसाँसिमाँ, कामावरून काढून टाकणं. ल लोज्माँ, राहायची जागा. ती वहीत उतरवून घेत होती आणि मला वाटत होतं, हे सगळं आमच्या घरात आहे, त्याच्या मापाचे शब्द आत्ता आले. तुम्ही सांगितलंत की ग्रेव्ह म्हणजे मुळात नदीकाठची रेती. पॅरिसात नदीच्या काठी तशी एक मोकळी जागा होती, तिथे काम नसलेली माणसं काम मिळेल म्हणून उभी राहायची, त्यावरून पुढे संपाला तो शब्द आला. मी त्या दिवशी बसमधून उतरून जवळजवळ पळत घरी गेले. वडील गॅलरीत कठड्याला टेकून बसलेले. संपाचा जोर होता तेव्हा सभांना जायचे, मग तेही कमी झालं होतं. घरात कोणाशी बोलत नव्हते. मी त्यांना सांगितलं, फ्रेंच लोक संपाला काय म्हणतात माहीत आहे का, पुळण.

ते खालच्या रस्त्याकडे वळले. मग म्हणाले, "पुळणीर उभे रवान काय गावता? वारो."

एवढंच. पण त्या महिन्यात माझ्याशी ते बोललेलं सगळ्यात लांब वाक्य तेच होतं, आणि ते मला तुमच्या शब्दामुळे मिळालं होतं. मी ठरवलं, माझा विषय संप. दुसरा असूच शकत नव्हता.

मी निबंध लिहून आणला तो रविवार मला नीट आठवतो. तुम्ही ओट्याशी उभ्या राहून वाचलात, चष्मा कपाळावर सरकवून, पुन्हा खाली घेऊन. एकही चूक नव्हती. तुम्ही लाल पेन हातात घेतलं होतंत ते तसंच टोपण लावून ठेवलंत. मी वाट बघत होते.

"व्याकरण शुद्ध आहे," तुम्ही म्हणालात. "पण हे कोणी लिहिलंय?"

"मीच, बाई."

"मग तू कुठे आहेस यात? कामगारांनी अशी मागणी केली, त्यांच्यावर अशी वेळ आली. हे मला सकाळच्या पेपरात मिळतं."

ती माझ्या शेजारी, खाली मान घालून, कपाच्या कानाशी खेळत होती. तुम्ही तिला विचारलंत, "तू काय आणलंयस?" तिने काही आणलं नव्हतं. तिने फक्त प्रश्न लिहून आणले होते. गिरणी बंद असताना माणूस सकाळी उठून काय करतो? बायकोला काय सांगतो? मुलांच्या शाळेत वडिलांचा धंदा विचारला तर मुलं काय लिहितात? सगळे फ्रेंचमध्ये, आणि दोन क्रियापदं चुकलेली. तुम्ही ते ऐकलंत आणि म्हणालात, "संप तू घे." मग माझ्याकडे वळून, "तू मुंबईतल्या घरांचा प्रश्न घे. तो तुला बरा जमेल."

बाई, मी तेव्हा तुम्हाला एक व्याकरणाचा प्रश्न विचारला होता. तुम्हाला वाटलं असेल, मुलीने मनाला लावून घेतलं नाही, अभ्यासाला लागली. मी विचारलं, 'ब्याँ क' म्हणजे 'जरी', त्याच्यापुढे क्रियापद शंकेच्या रूपात का येतं? माझे वडील जरी घरी बसले असले, असं म्हणायचं, तर ते घरी बसले आहेत यात शंका कसली? तुम्ही थोडा विचार केलात. "'जरी' म्हणणारा माणूस खऱ्या गोष्टीशी भांडत असतो," म्हणालात. "म्हणून भाषा त्याला जरा सवलत देते." इतकं सुंदर उत्तर तुम्ही दिलंत आणि ते देताना बघत होतात तिच्याकडे.

मग ती आमच्या घरी आली. तिनेच मला विचारलं, "अगं, तुझ्या बाबांशी बोलायला आले तर चालेल का?" नाही कसं म्हणणार. आईने घावणे केले. वडिलांनी धुतलेला सदरा घातला, जो त्यांनी कित्येक दिवसांत घातला नव्हता. ती खाटेवर बसली नाही, त्यांच्यासमोर खाली बसली, पाय पोटाशी घेऊन. "काका, मला गिरणीतलं काही कळत नाही, पहिल्यापासून सांगा," म्हणाली. आणि बाई, त्यांनी सांगितलं. साचा कसा चालतो, सुताची तार तुटली की हाताला आधी कसं कळतं, रुईने नाक कसं भरतं, खात्यातल्या खडखडाटात बोलायचं तर ओठ कसे हलवायचे. ते हसत होते. हाताने धोटा इकडून तिकडे नेऊन दाखवत होते. मी दारात उभी. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी कधी विचारलं नव्हतं, आणि मी विचारलं असतं तर त्यांनी सांगितलंही नसतं, कारण घरातल्या माणसाला कोण सांगतं. आईने मला दूध आणायला खाली पाठवलं. दूधवाल्याकडे रांग होती. मी परत आले तेव्हा त्यांचं बोलणं संपलं होतं आणि ती रुमालाने डोळे पुसत होती. तिला गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला वडील स्वतः गेले. वर आल्यावर म्हणाले, "गुणाचा चेडू हा." आणि पुन्हा गॅलरीत जाऊन बसले.

परीक्षेच्या आधीच्या रविवारी तिने तुमच्या स्वयंपाकघरात आपलं भाषण म्हणून दाखवलं. तुम्ही परीक्षक, मी श्रोता. सुरुवातीला सगळं ठीक होतं, मला अपेक्षित होतं तसं. मग तिने माझ्या वडिलांचं बोलणं सांगायला घेतलं. फ्रेंचमध्ये, हळू, एकेक शब्द सुटा ठेवून. तिने सांगितलं, हा माणूस म्हणतो की मला अजून पहिल्या पाळीच्या वेळी जाग येते, पण मी उठत नाही. डोळे मिटून पडून राहतो. मला जायला कुठे जागा नाही, आणि माझ्या मुलीने मला तसं बघू नये म्हणून.

मी त्याच खोलीत झोपत होते, बाई. त्यांच्यापासून हातभर अंतरावर.

"पूर क मा फीय न म व्वा पा," ती म्हणाली होती. 'पूर क' म्हणजे 'म्हणून', त्याच्यापुढे शंकेचं रूप यायला हवं, ते बरोबर आलं होतं, आणि 'बघणे' या क्रियापदाचं ते रूप कानाला अगदी आपल्या 'व्वा'सारखं लागतं. तुम्ही चष्मा काढून पदराने पुसलात आणि म्हणालात, "व्वा." तुम्ही क्रियापद पुन्हा म्हणून दाखवलंत की शाबासकी दिलीत, ते मला तेव्हाही कळलं नाही, आजही नाही. ती माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "तुला हे माहीतच असेल ना." मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? मला कोणी तोंडात मारली असती तर इतकं लागलं नसतं. माझ्या वडिलांनी माझ्याबद्दल काढलेला शब्द तिच्याजवळ होता. त्यावर मिळालेली दादही तिचीच होती. माझ्या वाट्याला घरांचा प्रश्न.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला मुद्दाम लवकर जाग आली. वडील भिंतीकडे तोंड करून पडले होते. पापण्या मिटलेल्या, पण झोपलेल्या माणसाच्या पापण्या अशा घट्ट नसतात. मी भांड्यांचा आवाज न करता चहा ठेवला आणि तो उकळल्यावर, आत्ताच उठल्यासारखी, मोठ्याने जांभई दिली. ते उठले. म्हणाले, "लवकरशी उठलंस?" मी म्हटलं, "परीक्षा हा." आम्ही दोघांनी चहा घेतला. मी त्यांना विचारू शकले असते. विचारलं नाही. विचारायचं म्हणजे तिचं नाव काढावं लागलं असतं.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. दोघी पास झालो, ती पहिली आली, तुमच्या शिफारशीने पॅरिसला गेली आणि तिथलीच झाली. कामगारांच्या प्रश्नांवर लिहिते, शिकवते. जाताना तुम्ही तिला तुमचा जाड शब्दकोश दिलात, पाँडिचेरीहून आणलेला, ज्याच्या पानांना तुमच्या स्वयंपाकघराचा वास होता. मला पेन दिलंत. पेन चांगलं होतं. वडील गिरणीत परत गेलेच नाहीत. बोलावणं आलं नाही, आणि पुढे पुढे त्यांनी वाट बघणंही सोडलं. रे रोडला लाकडाच्या वखारीत माल उतरवून घ्यायचं काम धरलं, लाकडाचा भुसा केसात घेऊन घरी यायचे, आणि कधीतरी एकदा म्हणाले, रुईपेक्षा ह्यो वास बरो. तिथेच काम करता करता छातीत कळ येऊन गेले. मी वरळीला एका औषधाच्या कंपनीत लागले. आफ्रिकेत जाणाऱ्या गोळ्यांच्या खोक्यातली माहितीपत्रकं फ्रेंचमध्ये करायची. जेवणानंतर घ्या, मुलांपासून दूर ठेवा. तीस वर्षं मी आज्ञार्थात काढली. कंपनीच्या कामात 'जरी' फार लागत नाही.

आता गेल्या महिन्यातलं सांगते, जे तुम्हाला माहीत असायचं कारण नाही. ती मुंबईत आली होती. केस पांढरे, कापलेले, सुती साडी अजून कॉलेजातल्यासारखीच चापून नेसलेली. बरोबर तिकडचे विद्यार्थी होते आणि परळला एका सभागृहात जुन्या गिरणी कामगारांशी त्यांची भेट ठरली होती. दुभाषी हवा म्हणून तिने मला फोन केला. "तुझ्याशिवाय कोणावर विश्वास नाही," म्हणाली. मी गेले. समोर म्हातारी माणसं, काही काठ्या टेकून, काहींना मुलींनी हात धरून आणलेलं. तिने मुलांसाठी फ्रेंचमध्ये बोलायला सुरुवात केली आणि मी म्हाताऱ्यांसाठी मराठीत सांगत गेले. आणि ती माझ्या वडिलांवर आली. मी त्यांची मुलगी आहे हे कोणाला सांगितलं नाही तिने, मला विचारल्याशिवाय सांगू नये म्हणून असेल. तेच वाक्य, इतक्या वर्षांनी, एक शब्द इकडे तिकडे नाही. मग ती थांबली. माझी पाळी.

मी ते वाक्य फक्त फ्रेंचमध्ये ऐकलेलं आहे, बाई. माझ्या बापाचं बोलणं. 'मा फीय', माझी मुलगी. ते काय म्हणाले असतील? चेडू? पोरगी? का मला घरात हाक मारायचे तसं, बाय? मी तिच्या कानाशी वाकून विचारलं, "ते मूळ मराठीत काय म्हणाले होते?" तिने आठवायचा प्रयत्न केला. मान हलवली. "अगं, मला आता फ्रेंचच आठवतं."

म्हणजे ते वाक्य आता कोणाजवळच नव्हतं. मी माइक जवळ घेतला आणि मालवणीत म्हटलं, "माज्या बायेन माका बघू नये, म्हणान मी डोळे मिटान पडान रवतंय." पहिल्या रांगेतला एक म्हातारा, गळ्याशी मफलर, मान वर न करता म्हणाला, "आमीय तसाच पडान रवू." शेजारचा म्हणाला, "सगळेच." मुलं माझ्याकडे बघत होती, काय म्हणाले म्हणून. मी त्यांना फ्रेंचमध्ये सांगितलं. माझा 'र' लागला की नाही याच्याकडे माझं लक्ष नव्हतं.

परतताना टॅक्सीत तिने खिडकीची काच खाली केली. मग म्हणाली, तुमच्या जुन्या विद्यार्थ्यांकडून आठवणी गोळा करून एक छोटं पुस्तक काढायचं आहे, मी काही पानं लिहावीत. "तू शेवटपर्यंत बाईंजवळ होतीस. मी इतक्या लांब. शेवटी त्या कशा होत्या गं? काय बोलायच्या? माझी पत्रं तरी मिळत होती ना त्यांना?" तिने हे विचारताना माझ्याकडे पाहिलं नाही, आणि तिच्या आवाजात काहीतरी होतं जे मी तिच्या आवाजात कधी ऐकलं नव्हतं. माझ्या स्वतःच्या आवाजात पुष्कळदा ऐकलेलं आहे. मी म्हटलं, "मिळत होती. लिहिते." घरी येऊन लिहायला बसले तर 'बाई' असं लिहिलं गेलं आणि पुढे हे सगळं आलं. हे तिला देता येणार नाही.

तिला सांगणार आहे, शेवटी तुम्ही फारसं बोलत नव्हतात, मला विशेष काही आठवत नाही. खरं तर सगळं आठवतं. तुमचं फ्रेंच आधी गेलं. इंग्रजीही गेलं. राहिलं ते तुमच्या माहेरचं मराठी, मऊ भात आणि मेतकूट मागणारं. मी कामावरून थेट गिरगावात यायचे, तुम्हाला भरवायचे, ओटा पुसायचे. तिची पत्रं यायची, फ्रेंचमध्ये, तुम्हीच तशी सवय लावलेली. मी ती वाचायला घेतली की तुम्ही लहान मुलीसारख्या माझ्या तोंडाकडे बघायचात, एक शब्द कळत नसायचा. मग मी तिचं एकेक वाक्य मराठीत सांगायचे. पॅरिसातला हिवाळा, तिचे विद्यार्थी, तिला तुमची येणारी आठवण. मन लावून करायचे, कारण वाक्यं चांगली होती आणि मला ती खराब करवत नव्हती. त्यातलं एक संपल्यावर तुम्ही माझा हात धरलात आणि म्हणालात, "किती छान लिहितेस गं तू."

ते तिचं पत्र होतं, बाई. मी तुम्हाला तसं सांगितलं नाही, आणि तिलाही सांगणार नाही.